डबल वॉल सांगून सिंगल वॉल रिंग गळ्यात मारली, माझे 8,903 रुपये गेले

हे लिहायला दोन आठवडे लागले कारण लाज वाटत होती. ऑफिसमध्ये कोणालाही सायकल घ्यायची असली की आधी मला विचारतात, आणि मीच अशी फसले. पण मला रिंग विकणाऱ्याचं ते ऑनलाइन पेज काल परत समोर आलं आणि डोकंच फिरलं, म्हणून सगळं लिहिते.

मी वडगाव ते शिवाजीनगर रोज सायकलने जाते, जाऊन येऊन 18 किलोमीटर. हायब्रिड आहे, 700सी मापाचं चाक, 36 स्पोक म्हणजे तारा, रिंगच्या बाजूंना घासणारे व्ही-ब्रेक. जुलैत राजाराम पुलाच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मागचं चाक असं आपटलं की रिंगची, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या गोलाची, कड आत वळली, आणि ट्यूबला साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. आमचे सायकलवाले काका म्हणाले, आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढून देतो पण वळलेली कड सरळ होणार नाही, ब्रेक मारला की थडथडणार. मग ठरवलं की दोन्ही रिंगा बदलायच्या आणि चांगल्या डबल वॉलच टाकायच्या. सिंगलमध्ये एकच पत्रा, सगळा मार त्यावर. डबलमध्ये मधे पोकळ पेटी असते म्हणून ती खड्डे सोसते. हे मला माहीत होतं. म्हणूनच जास्त जळतंय.

दुकानात एका रिंगचे 2,900 सांगितले आणि पंधरा दिवस थांबा म्हणाले. त्या ऑनलाइन पेजवाल्याने 2,600 सांगितले. म्हणजे फुकटात मिळतंय म्हणून मी धावत गेले नाही, हे आधी स्पष्ट करते. तीन वर्षांच्या जुन्या पोस्ट होत्या, माणूस मराठीत बोलत होता, ताई ताई करत होता, स्टिकर नावाजलेल्या परदेशी कंपनीचं, वजन 595 ग्रॅम लिहिलेलं. व्हिडिओत रिंग गोल गोल फिरवून दाखवली, पण टायर बसतो ती आतली बाजू एकदाही कॅमेऱ्यासमोर आणली नाही. मी मेसेज टाकला होता, आतल्या भोकांचा फोटो पाठवा. त्याचं उत्तर, ताई एकच जोडी राहिलीय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. आणि मी पैसे पाठवले. 5,200 आणि कुरिअरचे 340. आतला फोटो न देणाऱ्याकडून रिंग घेऊ नका, बस.

पण खरी चूक तिथे नाही झाली. खरी चूक काकांच्या दुकानात झाली आणि तो क्षण माझ्या डोक्यातून जातच नाही. पार्सल उघडलं, काकांनी रिंग मांडीवर घेतली, एक निपल, म्हणजे स्पोकचं टोक रिंगला धरून ठेवणारं छोटं नट, भोकात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ताई, डबलमध्ये निपल आत बुडतं, इथे डोकं वरच राहतंय. मी वाकून बघितलं. पितळी निपलचं डोकं पत्र्यावर बसलेलं होतं, वर रबरी पट्टी लावली की झाकलं गेलं असतं. टायरकडून भोक मोठं आणि आत खाली दुसरा पत्रा दिसायला हवा, इथे दोन्हीकडून भोक तेवढंच. डोळ्यासमोर होतं सगळं! आणि मी काय म्हणाले, काका, स्टिकरवर डबल वॉल लिहिलंय ना. अकरा दिवस सायकल बंद होती, रोज रिक्षाला पैसे जात होते, बाहेर पाऊस कोसळत होता, मला फक्त चाक बांधून हवं होतं. काका गप्प बसले आणि बांधायला लागले. 72 स्पोक 12 रुपयांनी 864 आणि दोन चाकांची मजुरी 1,200. तेव्हाच परत पाठवली असती तर हे 2,064 तरी वाचले असते.

नवव्या दिवशी दांडेकर पुलाजवळ खचलेल्या चेंबरच्या झाकणावरून मागचं चाक गेलं आणि तीन निपल रिंगचा पत्रा फाडून बाहेर आले. चाक वाकडं होऊन फ्रेमला अडकलं, मी रस्त्यावर. कोपर आणि गुडघा सोलला, मागून बस येत होती, ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितेय. नंतर काकांनी ती रिंग सोडवली आणि मी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. 470 ग्रॅम.

त्या माणसाला फोटो पाठवले तर इतका कळवळून बोलला, ताई लागलं का तुम्हाला, लगेच बदलून देतो, फक्त रिटर्न पिकअपचं डिपॉझिट 1,299 भरा, माल पोचला की परत मिळेल. पावतीसारखा काहीतरी फोटोही पाठवला. भरले मी. हात दुखत होता, रडू येत होतं, आणि समोरचा पहिल्यांदाच चूक मान्य करत होता. संध्याकाळपर्यंत नंबर ब्लॉक. रिफंडसाठी आधी पैसे मागितले की समजून जा, एक रुपयासुद्धा देऊ नका.

आता पोलिसांचं ऐका. चौकीत पहिला प्रश्न, माल मिळाला ना? मग ही फसवणूक कशी, सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318, फसवणूक म्हणजे हेच ना. तर हवालदार हसले आणि म्हणाले मॅडम वाचून आलात वाटतं. अहो मी रक्त पुसत आले होते! तिथून सायबरला पाठवलं, सायबरवाल्यांनी रक्कम विचारली आणि पेनच खाली ठेवलं, म्हणाले आमच्याकडे लाखांच्या केसेस पडून आहेत. परत चौकीत जा म्हणाले. परत गेले तर साहेब बंदोबस्तावर. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे छोट्या रकमेचा चोर हा चोरच नाही का? असे पाच हजार पाच हजार किती जणांचे खाल्ले असतील त्याने, ते कोण मोजणार? चार दिवस अर्धी रजा टाकून फिरले, हातात एक शिक्का मारलेला अर्ज आहे, बाकी काही नाही.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे फक्त यूपीआय आयडी आहे. म्हणून पक्कं बिल आणि पत्ता घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि पैसे गेल्याचं कळलं की आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, चौकीत नंतर जा, मी उलटं केलं आणि दोन दिवस घालवले.

अजून एक, रिंगची भोकं हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, भोकांइतकीच लागतात, 36 ला 36. व्ही-ब्रेक असेल तर डिस्कवाली रिंग चालत नाही, बाजूला ब्रेक घासायची सपाट पट्टी हवी. पावसात चिखलाने ती पट्टी झिजते, बोट फिरवून बघत जा, खोलगट लागली तर बदला. आणि सायकलवाला काही म्हणाला तर स्टिकर वाचून त्याला गप्प करू नका.

सध्या दुकानातून 2,900 ची एक रिंग मागच्या चाकाला टाकलीय, यावेळी आतली रबरी पट्टी काढून बघून घेतली. पुढच्या चाकाला अजून त्या पेजवाल्याचीच रिंग आहे, महिनाअखेरीला बदलेन, तोवर हळू चालवते. काल त्या पेजवर तोच व्हिडिओ परत टाकलाय, खाली कोणीतरी विचारलंय, दादा पुण्यात डिलिव्हरी आहे का. मी लगेच लिहिलं की घेऊ नका, सिंगल वॉल आहे. पाच मिनिटांत माझी कमेंट उडवली.