लाकडी की लोखंडी? घरी कॅम्पर ट्रेलर बांधायला घेण्यापूर्वी

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणारी आपल्याकडची कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्रीचे छत घालून दोन-तीन मुक्काम करतात, तेव्हा त्या ट्रॉलीत चुलीपासून अंथरुणापर्यंत सगळे असते. चाकांवरचा संसार बेळगाव भागाला मुळीच नवा नाही. मोटारीमागे ओढता येईल असा, दोघांना झोपता येईल एवढाच, बंदिस्त ट्रेलर स्वतः बांधावा ही हौस मात्र अलीकडची आहे आणि ती असणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: घर लाकडाचे करावे की लोखंडाचे? मी स्वतः प्लायवूडचा एक ट्रेलर बांधला आहे आणि माझ्या मामांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपांच्या सांगाड्यावर पत्र्याचा करून घेतला आहे. दोन्हींत झोपून, दोन्ही ओढून आणि दोन्हींची डागडुजी करून जे मत झाले, ते येथे मांडतो.

तुलना समान मापावर व्हावी म्हणून आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशी खोली धरतो. हे माप सोयीचे आहे, कारण प्लायवूडचा शीट आठ बाय चारचा येतो आणि एकेक बाजू एकेका शीटमध्ये निघते. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून हौशी लोक घरी बांधत आलेले थेंबाच्या आकाराचे ट्रेलरही साधारण याच मापाचे असतात. पुढची बाजू गोलाकार, मागची उतरती, झोपण्याची जागा आत आणि स्वयंपाकाचा ओटा मागच्या झाकणाखाली, बाहेर उभे राहून वापरण्याजोगा. ओटा बाहेर असणे ही केवळ जागेची काटकसर नव्हे. एवढ्या लहान बंद खोलीत गॅस किंवा शेगडी पेटवणे जिवावर बेतू शकते, म्हणून शरीर लाकडाचे असो वा लोखंडाचे, ही रचना बदलू नये आणि झोपण्याच्या जागेला हवा येण्या-जाण्यासाठी दोन झरोके ठेवावेत.

लाकडाचा भाव विचारण्याआधी आरटीओ कार्यालयाची पायरी चढावी, हा माझा आग्रह आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि वाहन रस्त्यावर आणण्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला म्हणजे फॉर्म २२ लागतो. बॉडी वेगळी बांधलेली असेल तर बांधणाऱ्याचा दाखला फॉर्म २२-ए मध्ये असतो. चासी, म्हणजे चाकांवरचा खालचा लोखंडी सांगाडा, हीसुद्धा घरच्या अंगणात वेल्डिंग करून बांधली, तर हे दाखले कोणाकडून आणणार, हा प्रश्न उरतो. म्हणून चासी मान्यताप्राप्त उत्पादकाची, कागदांसह घ्यावी आणि आपली हौस चासीच्या वरच्या भागावर भागवावी. त्या बॉडीला कोणते कागद लागतील, हे ज्या कार्यालयात नोंदणी करायची तेथेच, म्हणजे बेळगावच्या केए-२२ ला किंवा चिकोडीच्या केए-२३ ला, आराखडा दाखवून आधी विचारावे. सीमाभागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. घर बेळगावात आणि शेत महाराष्ट्रातल्या चंदगडात असणारी कुटुंबे पुष्कळ आहेत; वाहन दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर कलम ४७ प्रमाणे तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. या सगळ्यात लाकूड आणि लोखंड यांत काहीच फरक पडत नाही.

फरक पडू लागतो तो वजनापासून, आणि तोही सर्वसाधारण समजुतीला धरून नसतो. बारा मिलिमीटरचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायवूडचा एक शीट सुमारे २५ किलो भरतो, सहा मिलिमीटरचा त्याच्या निम्मा. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा त्याच मापात २३ किलोंच्या आसपास जातो, म्हणजे जाड प्लायवूडएवढाच. पण प्लायवूड स्वतःच भिंत असते, पत्र्याला मात्र आतून पाइपांचा सांगाडा, मध्ये थर्माकोल आणि वर पुन्हा पातळ प्लायवूडचे अस्तर लागते. पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप मीटरला सव्वा किलोच्या आत असला, तरी साठ मीटर पाइपांचे सत्तर किलो होतात. माझ्या हिशेबाने लाकडी शरीर, वरून एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा धरूनही, अडीचशे किलोंच्या आसपास बसते आणि लोखंडी शरीर त्याहून साठ-सत्तर किलोंनी जड होते. पत्र्याऐवजी एसीपी, म्हणजे मध्ये प्लास्टिक असलेले अ‍ॅल्युमिनियमचे तक्ते, वापरल्यास ही तफावत बरीच कमी होते. मामांनी तो सल्ला मानला नाही, याचे त्यांना चोर्ला घाट उतरताना वाईट वाटते. ब्रेक नसलेला ट्रेलर उतारावर मोटारीला मागून रेटतो आणि जांबोटी-कणकुंबीवरून गोव्याकडे उतरताना ते रेटणे चालकाच्या पाठीला जाणवते. मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली असेल तर तीच अंतिम मानावी, आणि एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार मोटारीला जोडणाऱ्या पुढच्या कडीवर येईल अशा बेताने आख, म्हणजे चाकांचा दांडा, मध्यापासून थोडा मागे बसवावा. कडीवरचा भार घरातल्या वजनकाट्यावरही मोजता येतो. तो कमी पडला की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो.

आता उष्णता आणि थंडी यांविषयी. बेळगाव जिल्हा एका हवामानाचा नाही. अथणी-रायबागकडे एप्रिलमध्ये पत्रा हात लावू देत नाही आणि खानापूरच्या पश्चिमेला डिसेंबरच्या पहाटे तोच पत्रा आतून घामेजतो. लोखंड उष्णता लाकडाच्या शेकडो पट वेगाने वाहून नेते, त्यामुळे बाहेरच्या थंडीने गार झालेल्या पाइपांवर आतल्या दोन माणसांच्या श्वासातली वाफ पाणी होऊन बसते. मामांच्या ट्रेलरमध्ये थर्माकोल आहे, परंतु पाइप बाहेरच्या पत्र्याला थेट चिकटलेले असल्यामुळे अस्तरावर त्या पाइपांच्या ओळी ओलसर उमटतात. सकाळी जागे झाल्यावर डोक्यावर सांगाड्याचा आराखडा पाण्याने काढलेला दिसतो. पाइप आणि पत्रा यांमध्ये रबराची पट्टी घातली असती तर हे टळले असते. लाकडी खोलीत खिडकीच्या काचेखेरीज कोठेही दव धरत नाही. केवळ झोपेच्या सुखावर निर्णय करायचा असेल, तर तो येथेच लाकडाच्या बाजूने लागतो.

पावसात मात्र पारडे फिरते आणि लाकूड निवडणाऱ्याने हा भाग सावकाश वाचावा. प्लायवूड पृष्ठभागावरून फारसे पाणी घेत नाही. ते घेते कडेने. माझ्या ट्रेलरच्या दाराखाली उंबऱ्याच्या पट्टीमागे हातभर कडेला इपॉक्सीचा जलरोधक लेप लावायचा राहून गेला होता. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये जांबोटीला दोन मुक्काम झाले आणि परत आल्यावर दार लागेना. बिजागरी ढिली झाली असेल असे समजून मी तीच पिळत बसलो. शेवटी पट्टी काढली, तर बारा मिलिमीटरची कड पंधरा मिलिमीटर झालेली आणि तिचे थर वहीच्या भिजलेल्या पानांसारखे उकललेले. तेवढा भाग कापून नवा जोड बसवायला दोन रविवार गेले. लोखंडाच्या बाबतीत चूक अशी लगेच दिसत नाही: वेल्डिंगच्या जागी रंग उडतो, आत गंज धरतो आणि तो अस्तरामागे असल्याने दोन-तीन वर्षे कळत नाही. पाइपांची तोंडे उघडी राहिली असतील तर गंज पाइपाच्या पोटातूनच सुरू होतो. गंज दिसल्यावर मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी वेल्डर मिळतो आणि तासाभरात काम होते, हे लोखंडाचे बलस्थान मान्य केले पाहिजे. लाकडावर चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमला ही भीती नाही. अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात थेट लोखंडाला टेकले तर मात्र ते सांध्यापाशी खाल्ले जाते, म्हणून मिश्र रचना करणाऱ्याने मध्ये पट्टी घालायला विसरू नये.

प्लायवूड घेताना शिक्क्यावर विसंबून राहू नये. मरीन प्लायवूडच्या अटी आयएस ७१० या भारतीय मानकात आहेत आणि त्यानुसार नमुना बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे. आयएस ३०३ चे साधे प्लायवूड घरातल्या कपाटाला पुरते, ट्रेलरला नाही. मी दोन दुकानांतून वीतभर तुकडे मागून आणले आणि एक अख्खा रविवार न्हाणीतल्या हंड्यात उकळत ठेवले. शिक्का दोन्हींवर सारखाच होता. संध्याकाळी एक तुकडा जसाच्या तसा निघाला आणि दुसऱ्याचे पापुद्रे बोटाने सुटले. आईने त्या हंड्यात आंघोळीचे पाणी तापवायला पुढे आठवडाभर नकार दिला, पण परीक्षा झाली.

येथे हमखास येणारी सूचना म्हणजे सागवानाची. एका बाजूला खानापूरचे जंगल, दुसऱ्या बाजूला दांडेलीचा वन खात्याचा लाकूड डेपो. अशा मुलखात राहून प्लायवूड का वापरता, असे आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींनी मला जवळजवळ रागावूनच विचारले. सागवान उत्तम लाकूड आहे, परंतु ट्रेलरच्या भिंतीला नाही. वीस मिलिमीटरच्या फळ्यांनी याच मापाचे बाह्यांग झाकायचे झाले, तर नुसत्या फळ्या दीडशे किलो होतात, म्हणजे प्लायवूडच्या दुप्पट. शिवाय फळी रुंदीत फुगते आणि आखडते: ऑगस्टमधल्या कणकुंबीहून मार्चमधल्या अथणीला गेलेल्या ट्रेलरच्या फळ्यांमध्ये फटी पडणारच. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते मापात राहते. सागवान दाराच्या चौकटीला, खिडकीच्या पट्ट्यांना आणि ओट्याच्या कडेला वापरावा, दिसतोही छान. फक्त लाकूड ओळखीतून मिळाले तरी वाहतुकीचा वन खात्याचा पास मागून घ्यावा. आतल्या आडव्या पट्ट्यांना सिल्व्हर ओकसारखे हलके, चांगले वाळलेले लाकूड चालते. तळाला चंदगडकडचे लोक काजूच्या टरफलाचे तेल लावण्यास सुचवतात. वाळवीवर ते खरोखर गुणकारी आहे, पण कच्चे तेल लावल्यास महिनोन्‌महिने चिकट राहते आणि कातडीवर फोड उठवते, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

हत्यारे आणि कसब यांचा विचार थोडक्यात आटोपतो. लाकडाला जिगसॉ, ड्रिल, रंधा, डझनभर शिकंजे आणि भरपूर सवड लागते. चूक झाली तर तुकडा बदलता येतो आणि घरात ठिणगी उडत नाही. पुढचा गोलावा हीच खरी परीक्षा आहे. तेथे सहा मिलिमीटरचा एक शीट बळेच वाकवण्यापेक्षा तीन मिलिमीटरचे दोन, गरम पाण्याची फडकी टाकून, एकावर एक चिकटवावेत. पातळ पाइपांचे वेल्डिंग हे शिकाऊ हाताचे काम नाही. पाइप जळून भोक पडते किंवा सांधा वरवर धरतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर सहा महिन्यांत तडकतो. म्हणून लोखंडी ट्रेलर ‘घरी बांधला’ असे म्हणणारे बहुतेक जण, मामांसह, खरे तर करवून घेतात. त्यात कमीपणा नाही, मात्र मग तो दोन-तीन आठवड्यांत मिळतो आणि माझा सात महिने चालला, हाही हिशेब मांडावा.

ज्यांच्याकडे आधीच पिकअप आहे, त्यांनी ट्रेलरऐवजी हौद्यात बसणारी सुटी लाकडी खोली करावी का, याचाही विचार करावा. आख, कडी आणि वेगळी नोंदणी यांतून सुटका होते, घाटात मागे काही हेलकावत नाही. खोली कायमची जोडू नये, कारण कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर बंधने घालते, आणि धावत्या गाडीत आत कोणालाही बसवू नये. उंची वाढल्याने वाऱ्यात गाडी डोलते, हा तिचा दोष.

पावसाळ्याचे चार महिने ट्रेलर उघड्यावर राहणार असेल आणि सांधे दरवर्षी मे महिन्यात तपासण्याची शिस्त अंगी नसेल, तर मी एसीपी चढवलेला लोखंडी ट्रेलर घ्यायला सांगेन. छपराखाली जागा असेल, हाताला कामाची आवड असेल आणि मोटार लहान असेल, तर कागदांसह घेतलेल्या चासीवर प्लायवूडचे शरीर बांधावे. ते छप्पर कोणते, हे आराखड्याच्या आधी ठरवावे आणि त्याच्या दाराची चौकट टेपने मोजावी. माझा ट्रेलर चाकांसह पावणेसहा फुटांचा आहे, पडवीत सरळ जातो. मामांनी आत उभे राहता यावे म्हणून शरीर सहा फूट उंच करवून घेतले आणि त्यांचा ट्रेलर दर जूनमध्ये दोन्ही चाकांतली हवा काढून, वरच्या झरोक्याचे झाकण खोलून, तिघांनी ढकलत गोठ्यात घ्यावा लागतो.