फेकीचा युरिया की चिखलातली गोळी?

मिरग जवळ आला की वाडीतलं कोणीतरी विचारतंच, "भाताला खत फेकू की गोळी लावू?" आणि मी दरवर्षी "जमीन बघून ठरव" म्हणत वेळ मारून नेतो. यंदा जरा सविस्तर लिहितो. दोन्ही करून झालंय माझं. आठ वर्षं युरिया फेकला, गेली पाच वर्षं युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची गोळी चिखलात दाबतोय.

शेत खारेपाटणच्या खाली, वाघोटन खाडीला मिळणाऱ्या एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी. वीस गुंठ्यांत पाच खाचरं, पायऱ्यांसारखी. वरच्याचं पाणी खालच्यात, शेवटच्याचं व्हाळात. त्याच व्हाळाच्या अंगाला, थोडं खाली, वाडीची बाव, म्हणजे विहीर. तुमच्या शेताखाली असं काही नसेल तर पुढचं थोडं कमी मनावर घ्या.

फेकण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खोटी नाही. पाटी कमरेला लावायची, तासाभरात वीस गुंठे उरकतात. बाई-गडी लागत नाहीत. 45 किलोची गोण 266 रुपये 50 पैशांना मिळते, त्यामुळे चार मुठी वाया गेल्या तरी कोणाचा जीव तुटत नाही. हप्ते पाडून दिलं आणि हवामानाने साथ दिली तर पीकही उत्तम येतं, मी घेतलंय.

पण साथ द्यायला हवामान आहे कुठे? फुटव्याचा हप्ता पडतो नेमका आषाढ-श्रावणात. नियम सगळ्यांना पाठ आहे: खाचरातलं पाणी उतरवायचं, खत टाकायचं, निदान एक दिवस बांधाचं तोंड बंद ठेवायचं. युरिया पाण्यात विरघळला की लगेच मातीला धरत नाही. जिवाणू त्याचा अमोनियम करेपर्यंत दोनेक दिवस जातात आणि तोवर पाणी जाईल तिकडे तो जातो. आपल्या जांभ्याच्या मातीची धरून ठेवायची ताकदही बेताचीच.

आता ती रात्र. सकाळी उघडीप बघून खत टाकलं, तोंडं बांधली आणि निर्धास्त झोपलो. मध्यरात्री पाऊस असा कोसळायला लागला की कौलांवरचा आवाज ऐकूनच उठलो. बॅटरी घेऊन मळ्यात गेलो तर पाणी मेरेच्या (बांधाच्या) वर चढलेलं. बांध फुटला तर पाच खाचरांचा चिखल व्हाळात. तोंड उघडलं तर सकाळचं खत व्हाळात. मी तोंड उघडलं, दुसरं करणार काय? शेजारचे तात्या त्यांच्या बांधावर उभे होते. म्हणाले, "व्हाळाक निवेद दाखयलंस काय रे?"

असं एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. आठ वर्षांत पाच वेळा झालं. माझ्या हाताने खत टाकायचं आणि माझ्याच हाताने सोडून द्यायचं, हा वैताग मला खर्चापेक्षा जड गेला. तेच पाणी पुढे बावीजवळून जातं, बावीत श्रावणापासून हिरवी साय धरायची आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह काढून घासावा लागायचा. ते माझ्या युरियामुळेच, असं छातीठोक सांगणार नाही. वर गोठे आहेत, पालापाचोळा आहे. पण पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे हे कळल्यापासून मला ती साय बघवत नव्हती.

गोळीचं तसं नाही. चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी एकदा दाबली की विषय संपला. खाली चिखलात हवा नसते, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट व्हायला वावच कमी, आणि अमोनियम मातीला चिकटून राहतं. वरून पाणी वाहिलं तर वाहू दे. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली ही गोळी 2.7 ग्रॅमची. 25-15 च्या जोडओळीत (आळीपाळीने 25 आणि 15 सेंटिमीटर अंतर) हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो, त्यातून नत्र (नायट्रोजन) 57 किलोच्या आसपास. फेकताना आपण 100 धरतो. माझं भात कमी उतरलेलं नाही. पायलीने मोजलंय, काट्यावर नाही.

त्रास आहेच. वीस गुंठ्यांना साडेबारा हजार गोळ्या. आम्ही दोघं वाकून दिवसाला दहा गुंठे करतो, आणि तिसऱ्या दिवशी कंबर बोलते. जोडओळ दोरी धरून नीट लावली नसेल तर गोळी कुठे द्यायची तेच कळत नाही, आणि मजुरांना दोरीचा कंटाळा. शिवाय गोळी आयत्या वेळी मिळेलच असं नाही. मी मेमध्येच आणतो आणि घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवतो. पहिल्या वर्षी गोणीतच ठेवली होती, जूनच्या दमट हवेत तिचा गूळ झाला.

कातळावरच्या पातळ मातीत, जिथे पाणी ठरतच नाही, तिथे मी गोळी सुचवणार नाही. वरकसात, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत, नाचणीलाही नको. तिथे थोडं थोडं, मातीआड करून देणंच बरं.

शेणखताबद्दल दोनच वाक्यं, कारण फेकणारा असो की गोळीवाला, इथे सगळेच चुकतात. वैशाखात खाचरात ढीग टाकून ठेवायचे आणि पहिल्या सरीला त्यांचा काळा चहा व्हाळाला पाजायचा, त्यापेक्षा पसरून लगेच नांगरटीत गाडा. गायरी (शेणखताचा खड्डा) बावीच्या वरच्या अंगाला असेल तर आधी ती हलवा. स्फुरदाची (फॉस्फरसची) काळजी मी वेगळी करत नाही. आपल्या लाल मातीत तो लोह-अॅल्युमिनियमला धरून बसतो आणि मातीबरोबरच वाहतो. मेर शाबूत, तर तोही बराचसा शेतातच.

तर, मजूर मिळत नसतील आणि शेताखाली कोणाची बाव नसेल, तर फेका, पण हवामानाचा अंदाज बघून आणि हप्ते लहान करून. बाकीच्यांना मी गोळीच सांगेन.

मोजमाप विचाराल तर माझ्याकडे एकच आहे. सगळ्यात खालचं खाचर. युरिया फेकायचो तेव्हा त्याला मी मुठभरही देत नसे, तरी ते पाचांत सर्वांत काळंभोर असायचं, गणपतीनंतर लोळायचंसुद्धा. गोळी सुरू केली तेव्हा वरच्या चारांतच दाबली, याला सवयीने काहीच नाही. भाद्रपदात बघतो तर ते पिवळं पडलेलं. आता त्यालाही मोजून गोळ्या लावाव्या लागतात.