रस्सा माझा, नाव त्याचं

मागच्या दिवाळीत पुण्यात डेक्कनजवळच्या एका दुकानात ते पाकीट हातात आलं. आत दोन पुड्या, एक तांबड्या रश्श्याची, एक पांढऱ्याची. मागे कृती (आळणी म्हणजे मटण शिजवलेलं साधं पाणी): 'आळणी उकळली की पांढरी पुडी थोडी थोडी सोडा, गुठळ्या होऊ देवू नका.' त्यातला 'देवू' माझा. रात्री एक वाजता टाइप करताना केलेली चूक तशीच छापली होती. कंपनीचं नाव नवीन, पत्ता माझ्या जुन्या भागीदाराच्या गोडाऊनचा.

आम्ही दोघं कोल्हापूरचे, एकाच बाकावरचे. पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांना एकाच आळणीतून दोन्ही रस्से करता यावेत, ही कल्पना माझी. ऐकायला सोपं आहे. पण खोबरं, तीळ, खसखस दळली की तेल सुटतं आणि महिन्याभरात पुडी खवट होते. खोबरं किती कमी करायचं, किती सुकवायचं, यात माझे पाच महिने गेले. वहीत रोजची नोंद होती. त्या वहीचे फोटो मीच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचो, "बघ रे, आज जमलं" म्हणून.

भागीदारीचा लेख पाचशेच्या स्टँपवर, नोटरीकडे. नफा-तोटा निम्मा-निम्मा. कृती कुणाची, नाव कुणाचं, मोडलं तर काय, यावर एक अक्षर नाही. फर्मची नोंदणी 'पुढच्या महिन्यात' करायची होती. अन्नपरवाना त्याच्या नावावर, कारण गोडाऊन त्याचं. इन्स्टाग्राम त्याच्या नंबरावर, कारण तेव्हा माझा फोन बिघडला होता. उलट बिचारा किती धावपळ करतो, असंच मला वाटायचं.

दोन वर्षांनी हिशेब मागितला आणि आमचं फाटलं.

वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, गुपित राखायचं असं कुठे लिहून घेतलंय का? नव्हतं. मग म्हणाले, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. एका नाटक-सिनेमाच्या वादात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच ते स्पष्ट केलंय. 'एका आळणीत दोन रस्से' उद्या कुणीही विकू शकतो. नोंदणी नसल्यामुळे १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं आलं, म्हणजे लेखातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्म विसर्जित करून हिशेब मागता येतो, तेवढाच. महाराष्ट्रात तर १९८४ च्या दुरुस्तीने तोही दरवाजा बंद होता. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली, म्हणून माझा दावा निदान दाखल तरी झाला. विसर्जनापासून तीन वर्षांची मुदत असते, हेही मला तेव्हाच कळलं.

ट्रेडमार्कचं जास्त लागलं. आमचं पहिलं नाव त्याने भागीदारी चालू असतानाच स्वतःच्या एकट्याच्या नावावर टाकलं होतं. अर्ज ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून येतो, त्यानंतर चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो. रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट शोधता येतं. मी शोधलं तेव्हा नोंदणी होऊन गेली होती. आता ती रद्द करून घेण्याचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळ्या तारखा.

हाती लागलं ते भलतंच. वेष्टनावरचं तांब्याच्या पातेल्याचं चित्र माझ्या मामेबहिणीने काढलं होतं. तिला एक पैसा दिला नव्हता (तेव्हा लाज वाटली होती), ना तिने काही लिहून दिलं होतं. त्यामुळे त्या चित्राचा कॉपीराइट तिचाच राहिला. मागच्या मजकुराच्या शब्दरचनेवर माझा, कारण फाइल माझ्या ईमेलमध्ये तारखेसकट होती. तिच्या आणि माझ्या वतीने त्याला नोटीस गेली आणि दीड महिन्यात पाकीट बदललं.

परवा नवीन पाकीट पाहिलं. पातेलं गेलंय, आळणीच्या जागी 'स्टॉक' आलाय, 'देवू'चं 'देऊ' झालंय. पुड्या दोनच आहेत. हिशेबाच्या दाव्याची पुढची तारीख श्रावणानंतर.