धुळ्यातलं मोफत फायबर प्रशिक्षण: पोरं तीस, मशीन दोन

मी साक्री तालुक्यातली. दिवाळी झाली की आईबाबा कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, म्हणून माझी बारावी मामाकडे राहून झाली. गेल्या वर्षी धुळ्याच्या एका केंद्रात ऑप्टिकल फायबर (इंटरनेट नेणारी काचेची तार) तंत्रज्ञाचं तीन महिन्यांचं मोफत प्रशिक्षण घेतलं. केंद्राचं नाव लिहीत नाही. पण ते आता साक्री, शिरपूरलाही वर्ग काढणार असं ऐकलंय, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

आधी पैशाचं. गावातल्या एकाने 'प्रवेश करून देतो' म्हणून ५ हजार मागितले होते. देऊ नका. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ पासून आहे, ती १५ ते ३५ वयाच्या ग्रामीण गरीब मुलामुलींसाठीच आहे आणि तिच्यात फी नाही. आम्हालाही केंद्रात एक रुपया लागला नाही.

शिकवणं फार चांगलं. पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाच्या चिमटीत एकेक तार दिली. केसाएवढी, १२५ मायक्रॉनची काच. उजेड जातो तो तिच्या आतल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. वरचं आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने टोक सरळ कापायचं आणि मग स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडते, काच वितळून एक होते. हात थरथरला की सर अहिराणीत म्हणायचे, "घाई करू नको, काच शे ती." त्यांनी अहिराणीत समजावलं म्हणून मला समजलं, पुस्तक सगळं इंग्रजीत होतं.

जोड द्यायच्या आधी तारेत स्लीव्ह, म्हणजे जोडाला जपणारी बारीक नळी, ओवायची असते. ती विसरले, की झालेला जोड कापून पुन्हा पहिल्यापासून. माझं पहिल्या आठवड्यात चारदा असं झालं. बारा तारांचे रंग सर रोज सकाळी म्हणून घ्यायचे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी... अजूनही खांबावर चढले की तोंडात तेच येतं. काचेचे तुकडे जमिनीवर टाकायचे नाहीत, बाटलीत भरायचे. चालू तारेच्या टोकात डोळा घालायचा नाही, कारण तिच्यातला उजेड आपल्याला दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो. तुटलेली जागा शोधायच्या ओटीडीआर यंत्राला सर विहिरीतली हाक म्हणायचे. हाक परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते कळतं, तसा हा उजेड परत येतो आणि किती मीटरवर तुटलंय ते पडद्यावर उमटतं. मला हे इतकं आवडलं की रात्री झोपताना डोक्यात तेच.

आता तक्रारी. तीस जणांत दोन मशीन, त्यातलं एक बॅटरीमुळे अर्धा वेळ बंद. दिवसाला एकेकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं यायची. बाकी वेळ दुसऱ्याचे हात बघायचे. बघून हात बसत नाही.

दुसरी तक्रार हजेरीची. अंगठ्याचं यंत्र होतं. ऊस, कापूस करणाऱ्या पोरींचे अंगठे घासलेले, यंत्र ते वाचेना. माझ्या एका मैत्रिणीचे अकरा दिवस गैरहजर लागले, ती तर रोज माझ्या शेजारी बसलेली. आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज दिला तेव्हा सहीचं रजिस्टर ठेवलं.

मुलींच्या राहण्याची सोय उशिरा झाली. पहिला महिना मी एसटीने जा-ये केली. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं, पण सायंकाळी वर्ग लांबला की साक्रीकडची बस चुकायची.

नोकरीचं म्हणाल तर पुण्याचं पत्र मिळालं, १४ हजारांचं. खोलीभाडं आणि खानावळ वजा केली तर घरी पाठवायला काय उरणार? नऊ जण गेले, पाच परत आले. केंद्राच्या फलकावर मात्र नऊही जणांचे फोटो आहेत. मी साक्रीत एका इंटरनेटवाल्याकडे लागले, १२ हजार आणि पेट्रोल वेगळं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली तेव्हा मी पहिलीत होते. आता रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की मला फोन येतो. गेल्या महिन्यात पिंपळनेर रस्त्यावर सलग बारा जोड दिले, एकही पुन्हा करावा लागला नाही.

पाचपैकी चार तारे, त्यातले तीन सरांचे.

नवीन वर्ग काढण्याआधी दर दहा जणांमागे एक मशीन द्या, आणि बॅच पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत धरू नका, असं लिहून मी केंद्राला अर्ज दिला. गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. तिसरं मशीन आलंय. बॅचची तारीख मात्र जूनचीच ठेवलीय.