दहा इंची कोयता, १२,३९८ रुपयांना

एकूण रक्कम १२,३९८ रुपये. त्यातले २,३४९ रुपये कोयत्याचे, १९९ रुपये तो घरपोच येण्याचे आणि उरलेले ९,८५० रुपये निव्वळ माझ्या मूर्खपणाचे. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण घरात ते सांगायला मला अकरा दिवस लागले. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे.

गुहागर तालुक्यात आमची काजूची लहानशी बाग आहे. पावसाळा सरला की रानमोडी आणि घाणेरी कमरेइतकी माजलेली असते, आणि बेणणीला माणूस मिळेपर्यंत निदान वाट तरी मोकळी करावी म्हणून मी पुण्याहून जातो. आजोबांचा कोयता तिथल्या घरात आहे, पण तो रोज कमरेच्या आकडीला अडकवून रानात जाणाऱ्या माणसाचा कोयता आहे. माझ्या मनगटाला तो अर्ध्या तासापलीकडे पेलत नाही. म्हणून आखूड, दहा इंची पात्याची, म्यान असलेली मॅशेटी, म्हणजे परदेशी धाटणीचा कोयता, घ्यावी असे मनात होते. पुण्यात कोयत्याने होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या सारख्या येऊ लागल्यापासून मी ज्या दोन दुकानांत गेलो, तिथे आधार कार्ड मागितले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. त्या नजरेला कंटाळून मी मोबाईलवरच्या जाहिरातीकडे वळलो, हे माझे समर्थन आहे आणि ते लंगडे आहे हे मलाही समजते.

जाहिरातीत लिहिले होते : ‘१०९५ हाय कार्बन स्टील, हाताने घडवलेले, आयुष्यभर गंजणार नाही.’ या वाक्याचे पहिले आणि शेवटचे टोक एकत्र नांदू शकत नाही. १०९५ पोलादात कार्बन ०.९५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि गंज रोखणारे क्रोमियम नावापुरतेही नसते. असे पाते तेल न लावता पावसाळ्यात ठेवले तर चार दिवसांत तांबूस होते. आजोबा आषाढात कोयत्याला खोबरेल चोळून तो फडक्यात गुंडाळत, ते फडके धरून मी शेजारी बसलेलो आहे. त्या वाक्यावर माझे बोट थबकले होते. मी ते दोनदा वाचले, ‘असे कसे?’ असे मनाशी म्हटलेसुद्धा, आणि मग खाली उलटे पळणारे घड्याळ व ५,९९९ वर मारलेली काट पाहून पैसे पाठवून मोकळा झालो. माल आल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती, जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता. पण या गोष्टींपेक्षा ते एक वाक्य मला जास्त छळते, कारण बाकीचे मला माहीत असायला हवे होते आणि हे मला माहीतच होते.

पाते आले ते आरशासारखे चकचकीत. चौथ्या घावाला ते मुठीतून निसटले आणि माझ्या डाव्या गुडघ्याजवळून जाऊन घाणेरीत पडले. ‘फुल टँग’ म्हणजे पात्याचे लोखंड मुठीच्या टोकापर्यंत जायला हवे. इथे बोटभर दांडी कसल्याशा चिकट पदार्थात खोचलेली होती. गावच्या लोहाराने धारेवर कानस फिरवली तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली. पाणी देऊन कडक केलेल्या धारेवर कानस घसरते, हे त्याने मला माझ्याच पैशांनी शिकवले. “भाऊ, ह्याचे उलथनेही टिकायचे नाही,” असे तो म्हणाला.

पैसे परत मागितल्यावर अतिशय मृदू आवाजाच्या एका माणसाचा फोन आला, त्याने क्यूआर कोड पाठवला आणि २,५४८ रुपये जमा होण्यासाठी तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितला. पुढचे आपण सर्व जाणता : पैसे येण्याऐवजी खात्यातून ९,८५० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही हे मी स्वतः माझ्या सासऱ्यांना समजावलेले आहे. त्या दिवशी भाचीचा साखरपुडा होता, मागे सनई वाजत होती, चष्मा गाडीत राहिला होता.

फसवणूक कळताच पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या मदतीसाठी असलेल्या १९३० क्रमांकावर फोन करावा. मी तो दुसऱ्या दिवशी केला, तोवर रक्कम पुढे गेलेली होती. जाहिरातीचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवावेत, कारण नंतर ते पान सापडत नाही.

चौकीतला प्रसंग मात्र विसरणे शक्य नाही. मी मोडलेले पाते पुराव्यासाठी टेबलावर ठेवले आणि अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, कोयता कशाला लागतो तुम्हाला?” फसवणारा बाजूला राहिला आणि माझेच आधार कार्ड, माझाच पत्ता, माझाच व्यवसाय लिहून घेतला गेला. शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रात मोडते, परंतु घरगुती आणि शेतीकामाच्या अवजारांना त्यातून वगळलेले आहे, हे मी सांगू लागलो तर मला हे इतके पाठ कसे, अशी शंका त्यांना आली. त्यात त्या नालायकाने जाहिरातीत ‘स्वसंरक्षणासाठी उत्तम’ असेही लिहिलेले होते. ज्या जाहिरातीत असे शब्द असतील तिथून विळीसुद्धा घेऊ नये. अर्ज तीन प्रतींत मागितला, ‘कोयता’ शब्द खोडून ‘चाकूवजा वस्तू’ लिहायला लावला आणि मग हद्द आमची नाही म्हणून दुसरीकडे धाडले. दुसरीकडे पुन्हा पहिला प्रश्न तोच. बँकेने पिन तुम्हीच टाकला या एका वाक्यात विषय संपवला, कुरिअरवाल्यांनी आम्ही फक्त डबा वाहतो असे सांगितले, आणि ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचे नाव व पत्ता हवा होता, जो माझ्याकडे असता तर मी इतक्या दारांत उभा राहिलोच नसतो.

पाते हातात घेऊन, कानस लावून, मूठ हिसकून पाहिल्याशिवाय घेऊ नये. ट्रकच्या जुन्या पाट्याचा आखूड कोयता घडवायला लोहाराने ७०० रुपये सांगितले आहेत आणि तो मिळेल दिवाळीनंतर.

गेल्या आठवड्यात चौकीतून फोन आला. पैशांविषयी काही कळले असेल म्हणून मी हातातले काम टाकून उठलो. ती वस्तू अजून तुमच्याच ताब्यात आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते.