सीमेपलीकडून घेतलेले चार टायर: १० महिने, १४,००० किलोमीटर

गेल्या वर्षी गाडीचे चारही टायर एकदम बदलायला आले. नक्षीची खोली जेमतेम २ मिलिमीटर उरली होती. बऱ्याच देशांत कायद्याची शेवटची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, म्हणजे कागदोपत्री मी अजून नियमात होते. पण पावसात ब्रेक दाबला की गाडी थांबायला नको तेवढा वेळ घ्यायची, आणि मला दर वेळी धस्स व्हायचं. इकडचे भाव काढले, सीमेपलीकडचे काढले. इकडे तीन टायर येतात तेवढ्या पैशांत तिकडे चार येत होते. प्रत्येकाचं चलन वेगळं, म्हणून खालचा सगळा हिशेब टायरमध्येच मांडते. निघताना डोक्यात एवढंच होतं की एक टायर वाचतोय.

निघण्याआधी एक काम मात्र नीट केलं. जुन्या टायरवरचे आकडे आणि ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर जे स्टिकर असतं त्यावरचे आकडे ताडून पाहिले आणि वहीत उतरवले: २०५/५५ आर१६ ९१ व्ही. लोक आर१६ पर्यंत, म्हणजे नुसतं माप वाचतात आणि थांबतात. पुढचं ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलायला हवेत, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. तिकडच्या दुकानात ‘तुमच्याच मापाचे’ म्हणून आधी पुढे आले ते ९१ एच, म्हणजे २१० चे. नाव तेच, नक्षी तीच, भाव आणखी कमी. माझी गाडी काही २१० ने धावणार नाही. पण कंपनीने सांगितलेल्या दर्जाच्या खालचा टायर बसवला आणि उद्या अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. मी वही पुढे केली, आणि व्ही वाले निघाले.

मग तारखा. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनंतर एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे १४२३ असेल तर २०२३ चा चौदावा आठवडा. हे चार आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली तर नंतर गाडीखाली आडवं पडून टॉर्चने शोधावे लागतात, म्हणून रिमवर चढायच्या आत बघून घ्यावेत. मी चारही टायर जमिनीवर आडवे करायला लावले आणि एकेकाच्या कडेवरून बोट फिरवत गेले. दोन त्याच वर्षाचे निघाले. उरलेले दोन्ही मात्र चार वर्षांपूर्वीचे. दिसायला चौघेही सारखेच काळेभोर, केसासारखे ते रबराचे तंतूही तसेच. पण रबर नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू कडक होतं, आणि पकड आधी जाते ती ओल्या रस्त्यावरची. मी ते दोन घ्यायला नकार दिला. दुकानदाराने फारसं ताणलं नाही, दुसऱ्या गोदामातून मागवले. दोन तास थांबावं लागलं. इतका लांबचा प्रवास करून आलेलं माणूस अशा वेळी ‘जाऊ दे’ म्हणतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. म्हणू नका.

परतताना जकात. ‘गाडीला बसवलेले टायर कोण विचारतं?’ असं मला तिघाचौघांनी सांगितलं होतं. मला ते पटत नाही. चाकावर चढले तरी ते परदेशात घेतलेलेच असतात. सवलतीच्या मर्यादेवर किंमत गेली की जाहीर करणं आपलं काम. मी बिल दाखवलं, कर भरला, पावती घेतली. त्यात पाव टायर गेला. इंधन आणि टोलमध्ये आणखी पाव. तिकडचा कर परत मिळेल यावरही फार विसंबू नका. उदाहरणार्थ, युरोपीय संघात बाहेरच्या प्रवाशाला मूल्यवर्धित कर परत मिळतो, पण त्याने स्वतःच्या गाडीला बसवायला नेलेल्या वस्तूंना ती सवलत नाही. घरी पोचेपर्यंत माझी बचत अर्ध्या टायरवर आली होती.

टायर स्वतः उत्तम आहेत, हे अगदी मनापासून सांगते. पहिले काही शे किलोमीटर जपून चालवले, कारण नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटायला लावलेल्या पदार्थाचा अंश असतो आणि तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात साचलेल्या पाण्यावरून गाडी गेली तेव्हा स्टिअरिंग हातात हललंही नाही. जुन्या टायरवर तिथेच ते हलकं पडायचं. आवाजही कमी. १०,००० किलोमीटरला नक्षी मोजली: नवी असताना ८ मिलिमीटर, तेव्हा पुढे ६.६, मागे ७.३. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत एवढा फरक पडतोच.

त्रास झाला तो टायरपेक्षा अंतराचा. चाकं काढून बसवली की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. दुकान जवळ असतं तर जाता जाता झालं असतं. मी टॉर्क पाना (नट ठरावीक जोराने आवळणारा) घेऊनच गेले होते, वाटेत थांबून तपासले, एक नट खरंच थोडा फिरला. तीन आठवड्यांनी ताशी १०० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. चाक काढून पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला डिंकाचा एक चौकोनी डाग, आणि त्यावर चिकटवलेलं बॅलन्सिंगचं, म्हणजे चाक न थरथरता फिरावं म्हणून लावलेलं, वजन गायब. बॅलन्सिंग इकडेच पैसे देऊन पुन्हा करून घेतलं. रक्कम किरकोळ होती. पण तिकडे ते मोफत झालं असतं, आणि त्यासाठी अख्खा दिवस घालवावा लागला असता.

सातव्या महिन्यात, वरचं मोजमाप केल्यानंतर आठवडाभरातच, पुढच्या डाव्या टायरला फुगा आला. पाण्याने भरलेला खड्डा होता, खोली कळली नाही. दणका बसला, हवा गेली नाही, गाडी नीट चालत राहिली. दुसऱ्या दिवशी धुताना कडेवरून हात फिरला तेव्हा सुपारीएवढा उंचवटा हाताला लागला. दणक्याने आतले धागे तुटले की हवा रबराला बाहेर ढकलते, त्याचा हा फुगा. त्याची दुरुस्ती होत नाही. असा टायर एक दिवससुद्धा चालवू नये, कधी फुटेल याचा नेम नसतो. मी त्याच क्षणी स्टेपनी चढवली.

टायर बनवणाऱ्याची हमी खड्ड्याच्या दणक्याला लागू होत नाही. त्यासाठी दुकानाची स्वतःची योजना असते आणि ती मी घेतलीही होती, पण तिच्या बारीक अक्षरांत ‘टायर आमच्याच दुकानात आणून दाखवावा’ असं होतं. एका टायरसाठी पुन्हा तेवढंच इंधन, पुन्हा जकात, एक दिवस रजा. त्यातून ती नक्षी इकडे विकतच नाहीत. एका आसावर दोन वेगळ्या नक्षीचे टायर मला चालवायचे नव्हते, म्हणून इकडे जोडी घेतली. नवे टायर मागे बसवावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी सुटली तर गाडी सावरणं फार अवघड. त्याप्रमाणे मागचे जुने पुढे घेतले. उरलेला चांगला चौथा टायर स्टेपनीच्या रिमवर गेला. म्हणजे अर्धा टायर वाचवला होता आणि दोन टायरचे पैसे मोजले. त्यातला एक मला एरवीही लागलाच असता. दुसरा मात्र निव्वळ त्या नक्षीमुळे घ्यावा लागला.

तरीही पुढच्या वेळी जाणारच नाही, असं मी ठरवलेलं नाही. सीमेपलीकडे जायचं दुसरं काही काम असेल, सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळणारी नक्षी असेल आणि दुकानाची योजना इकडच्या एखाद्या शाखेत चालणार असेल, तर जाईन. तीही सोय नसेल तर चाराऐवजी पाच घेईन. भावात एवढा फरक असेल आणि इंधन त्या दुसऱ्या कामात धरलं, तर पाचवा घेऊनही माझ्या हिशेबात जेमतेम बरोबरी होते, आणि फुगा आला तरी जोडी मोडत नाही.

कालच पुन्हा मोजलं. पुढे घेतलेले दोघे ६.७ वर आहेत, दोन्ही एकसारखे. स्टेपनीतल्या टायरची हवा दर महिन्याला बाकीच्यांबरोबर, गाडी थंड असताना तपासते. त्याचे ते चार आकडे यावेळी बाहेरच्या बाजूला ठेवून घेतले आहेत.