माळ्यावरच्या कॅसेट आणि नवं मशीन: कुठलं घ्यावं?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून टीव्ही गेमच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटची पिशवी निघते आणि लगेच प्रश्न पडतो, आता या लावायच्या कशात? मूळ मशीन केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेलं असतं. मग माणूस ऑनलाइन शोधतो आणि 'एकात नऊ सिस्टिम' (म्हणजे नऊ जुन्या गेम यंत्रांच्या कॅसेट एकाच मशीनवर) वाचून भुलतो. नऊ सिस्टिम राहू द्यात, आधी पिशवीत काय आहे ते बघा.

नव्वदीत आपण ज्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो तो बहुतेक घरांत निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉम यंत्राची नक्कल होता. त्याच्या कॅसेटला ६० पिना. अमेरिकेत तेच यंत्र एनईएस नावाने गेलं आणि कॅसेट ७२ पिनांची, बरीच मोठी झाली. म्हणजे खोक्यावर नुसतं 'एनईएस' असेल, तर तुमची कॉन्ट्रा गेमची कॅसेट त्या खाचेत अडॅप्टरशिवाय बसणारच नाही. खोक्यावर 'फॅमिकॉम' किंवा '६० पिन' हा शब्द शोधा.

नव्या मशीनची सगळ्यात स्वस्त जात म्हणजे अख्खं जुनं मशीन एका चिपमध्ये कोंबलेली. आवाज मुळासारखा लागत नाही, रंग थोडे भडक, आणि कॅसल्व्हेनिया ३ सारखे काही गेम चालत नाहीत. पण '९९९९ इन १' छापाची कॅसेट यात सहसा मुकाट सुरू होते, कारण ती मुळात अशाच नकली मशीनसाठी बनलेली. (९९९९ पैकी खरे गेम किती, हे आपल्या सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं.) ६२० गेम भरलेल्या छोट्या डब्या मात्र वेगळ्या. बहुतेकांना कॅसेटची खाचच नसते.

दुसरी जात हायपरकिन कंपनीच्या रेट्रॉन ५ ची. २०१४ साली आलेल्या या मशीनला पाच खाचा, त्यांत फॅमिकॉमची स्वतंत्र. आत अँड्रॉइड आहे. कॅसेट लावली की ते आधी तिच्यातला गेम स्वतःकडे उतरवून घेतं आणि मग इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवतं. त्यामुळे एचडीएमआयवर चित्र स्वच्छ येतं आणि कुठेही सेव्ह करता येतं. पण याच पद्धतीमुळे मल्टीगेम कॅसेट अनेकदा अडतात, आणि आपल्या पिशव्यांत त्याच जास्त. खाचेची पकडही इतकी घट्ट, की कॅसेट काढताना जीव वर येतो. परदेशातून आलेल्या अस्सल सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह, गेम बॉय या यंत्रांच्या कॅसेट घरात असतील, तरच याचा विचार करा.

तिसरी जात एफपीजीए नावाच्या चिपची. इथे तिची अंतर्गत जोडणीच जुन्या मशीनसारखी केलेली असते, म्हणून बटण दाबल्यावर उशीर जवळपास जाणवत नाही. अ‍ॅनालॉग कंपनीचा सुपर एनटी २०१८ मध्ये १९० डॉलरला आला, पण त्याची खाच सुपर निन्टेन्डोपुरतीच. पुण्यात मागवायचा तर वर पाठवणावळ आणि कस्टम. दर्दी लोकांचं काम आहे. इम्युलेटरवरच चालणाऱ्या, पण सीडीवर जास्त भर असलेल्या पॉलिमेगा मशीनमध्ये प्रत्येक कॅसेट-सिस्टिमसाठी वेगळा भाग विकत घ्यावा लागतो. कॅसेटवाल्याने तिकडे फिरकू नये.

मी स्वतः पहिल्या जातीचं घेतलं. जुन्या बाजारात रविवारी हाती लागलेल्या कॅसेट त्याच्यावर एकामागून एक लागल्या, आणि माझी गरज तेवढीच होती. बदकं मारायची बंदूक मात्र विसरा. ती जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते, एलईडीवर नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. अडॅप्टरवर २४० व्होल्टपर्यंतचा आकडा हवा. जपानचा १०० व्होल्टचा अडॅप्टर इथल्या प्लगमध्ये लावलात, तर धूर निघेल. आणि कॅसेट फुंकायची सवय सोडा. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. कानात घालायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, काळा मळ निघेपर्यंत. निम्म्या 'बंद' कॅसेट तेवढ्यानेच सुरू होतात, तेव्हा मशीन मागवायच्या आधीच त्या पुसून ठेवा.